मालदीवहून शिडाच्या बोटीनं दोघंच घरी येणार असाल तर आधी मावशीला तारीख देऊ नका

आमचं घर बेलापूरला, खिडकीतून खाडी दिसते, त्यामुळेच कदाचित ही अवदसा आठवली असेल. चार महिने आम्ही दोघांनीच ३४ फुटी जुन्या शिडाच्या बोटीवर मालदीवची बेटं फिरलो आणि परत आलो, आता जो भेटेल तो विचारतो की जायचं कसं. जायचं कसं ते कोणीही सांगेल हो, दिवाळीनंतर निघालं की किनाऱ्यानं खाली जाताना वारा बहुतेक पाठीशीच असतो, दुपारी शीड भरलं की माणूस चहा करायला मोकळा. खरी गंमत येताना. तोच वारा आता तोंडावर, बोट थकलेली, तुम्ही थकलेले, आणि घरची ओढ. म्हणून हे फक्त येण्याबद्दल लिहितेय.

पहिलं काम बोटीवरचं नाही, फोनवरचं आहे. घरी कोणालाही पोचायची तारीख सांगू नका. आमच्या मावशीकडे ठाण्याला २ मेचं लग्न होतं आणि नवऱ्यानं मालदीवमधूनच ठणकावून सांगून टाकलं, "येतोच आम्ही!" त्यानंतर प्रत्येक निर्णयात ते लग्न मध्ये यायला लागलं, वारा बरा नसला तरी "निघूया ना गं, दोन दिवस वाचतील". आई विचारेल, सासूबाई विचारतील, त्यांना फक्त पुढच्या बंदराचं नाव सांगा आणि "पोचल्यावर फोन करते" म्हणा.

तारीख स्वतःला मात्र पाहिजे, आणि ती उलटी मोजायची. केरळला मान्सून साधारण १ जूनला आणि मुंबईला ११ जूनला येतो, पण आपल्याला भीती पावसाची नाही, त्याच्या आधीच्या वादळांची आहे. तौक्ते २०२१ साली मे महिन्याच्या मध्यात अख्ख्या पश्चिम किनाऱ्याला घासून वर गुजरातला गेलं, निसर्ग २०२० मध्ये ३ जूनला अलिबाग-मुरूडच्या पट्ट्यात घुसलं, ते आपण सगळ्यांनी घरात बसून पाहिलंय. म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यात बोट बांधलेली पाहिजे. त्याच्या मागे तीन-चार आठवडे किनाऱ्याचे, एक आठवडा कोचीचा, म्हणजे मालदीव सोडायचं मार्चअखेर. उशीर झालाच तर बोट कोचीत ठेवून ट्रेननं घरी या, यात काही कमीपणा नाही.

आम्ही निघालो उलिगनवरून, मालदीवच्या उत्तर टोकाजवळचं बेट, तिथे निघायचे कागद होतात. तिथून सरळ मुंबई म्हटलं तर ७०० सागरी मैलांच्या वर, आणि नकाशावर ती सरळ रेघ इतकी सोपी दिसते की काय सांगू. दोघंच असाल तर ती काढू नका. आधी कोचीला जा, साधारण २६० मैल, आठ अंशाची खाडी (मालदीव आणि मिनिकॉयच्या मधला समुद्र) ओलांडून अडीच-तीन दिवस, मग तिथून किनाऱ्यानं वर ५८० मैल तुकड्यातुकड्यानं.

निघायच्या आधी बोटीचा तळ तिथेच खरवडून घ्या, हे मी दहा वेळा सांगेन. उलिगनला पाणी इतकं स्वच्छ की वरून कील (बोटीच्या तळाखालचा कणा) दिसते, आपल्याकडे हार्बरमध्ये पाण्यात हात घातला तर बोटं दिसत नाहीत. चार महिन्यांत पंख्यावर शिंपल्यांचा असा थर बसला होता की इंजिन ओरडायचं आणि बोट हलायची नाही. एक दुपार मास्क लावून आळीपाळीनं खरवडलं आणि पाऊण नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वेग वाढला, फुकटात. मग एकानं डोलकाठीवर जायचं (आमच्याकडे मी, कारण मी हलकी आणि खाली दोर ओढणारा माणूस मजबूत पाहिजे) आणि वरच्या सगळ्या पिना, तारांची टोकं, दोर कुठे घासलेत ते बघायचं. शिडाची शिवण नखानं ओढून बघा, उन्हानं दोरा कुजतो आणि कापड धडधाकट दिसतं. आमची तुटली तीन हात, रात्री नाही तर तिथेच नांगरावर, म्हणून सुई-दोरा घेऊन बसता आलं.

डिझेलचा हिशोब कागदावर करा. आमचं इंजिन तासाला अडीच लिटर खातं आणि ५ नॉटनं नेतं, १२० लिटरची टाकी म्हणजे ४८ तास म्हणजे २४० मैल, ते पण समुद्र गप्प असेल तर. एप्रिलमध्ये लक्षद्वीपच्या आसपास समुद्र तापून तीस अंशाच्या वर जातो आणि वारा पडतो, दिवसच्या दिवस शीड नुसतं फडफडतं, म्हणून सहा कॅन जास्तीचे घेतले आणि पाच संपले. फिल्टर किती लागतील त्याच्या दुप्पट घ्या, कारण महिनोन्महिने हललेली टाकी तळातली घाण नेमकी तुम्ही घाईत असताना वर पाठवते.

आता एक गोष्ट नीट वाचा. सॅटेलाइट फोन, थुराया असो की इरिडियम, भारतात परवानगीशिवाय बाळगणं-वापरणं बेकायदेशीर आहे, मेसेज पाठवणाऱ्या त्या छोट्या इनरिचमुळेसुद्धा लोक अडकलेत. बाहेर सगळे बोटवाले वापरतात म्हणून आपण घेतो आणि मग बंदरात उत्तरं देत बसतो. ते सोडा, परवानावाला व्हीएचएफ रेडिओ घ्या, संकटाच्या हाकेचा चॅनल १६ कायम चालू, आणि ईपर्ब (बोट संकटात असली की उपग्रहाला संदेश देणारं यंत्र) भारतात रीतसर नोंदवलेला पाहिजे, नाहीतर तो वाजला तरी तुम्ही कोण ते कोणाला कळणार नाही. किनाऱ्याजवळ मोबाईल लागतो, कोस्ट गार्डचा नंबर १५५४ सेव्ह करा आणि घरच्यांनाही द्या. किनाऱ्यावर कोस्ट गार्ड किंवा नेव्ही रेडिओवर विचारतेच, घाबरायचं नाही, बोटीचं नाव, झेंडा, माणसं किती, मागचं बंदर, पुढचं बंदर, सरळ सांगायचं. कोचीत कस्टम्स-इमिग्रेशनला एजंट घ्या, पैसे वाचवायला जाल आणि तीन दिवस रिक्षात जातील. मिळालेल्या प्रत्येक कागदाच्या पाच झेरॉक्स, पुढे प्रत्येक बंदरात कोणीतरी मागतंच.

हवामानासाठी फोनवरचं रंगीत ॲप सगळेच बघतात, पण आयएमडीचं, म्हणजे हवामान खात्याचं, बुलेटिन आणि हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती संस्थेचा लाटांचा अंदाज रोज वाचा. एप्रिल-मेमध्ये लांब दक्षिणेच्या महासागरातून उसळी येते, इथे वारा नाही, आभाळ निरभ्र, आणि लाटा किनाऱ्यावर चढतात. केरळात त्याला कल्लक्कडल म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. अशा दिवशी नदीच्या तोंडातून आत शिरायचं नाही.

कोचीच्या वर खरी कसोटी. शाळेत भूगोलात मतलई वारे, खारे वारे पाठ केले होते ना, ते इथे पोटापाण्याचं ज्ञान आहे. रात्री उशिरापासून सकाळपर्यंत जमिनीवरून मतलई येतो, दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटतो तो तोंडावरच, १५ नॉटच्या आसपास, आणि आखूड टोकदार लाटा. त्याच्याशी भांडलात तर आठ तासांत बारा मैल आणि दोघांचे एकमेकांशी बोलणं बंद. जुन्या गलबतवाल्यांची युक्ती करा: पहाटेच्या मतलईवर तिरके बाहेर समुद्रात जा, दुपारी वायव्य सुटला की वळून त्यावर उत्तरेला चालत किनाऱ्याकडे या. सकाळी बाहेर, दुपारी आत. संध्याकाळी नांगर. गोवा, विजयदुर्ग, जयगड, वायव्येच्या वाऱ्याला आडोसा मिळतो. मालवणला मात्र खडक फार, आम्ही हळहळत बाहेरूनच गेलो, सोलकढी राहिली.

रात्री चालवायची वेळ आलीच तर तीन-तीन तासांची पाळी. एकटा जागा असताना पट्टा अडकवल्याशिवाय कॉकपिटमध्ये यायचं नाही आणि दुसऱ्याला उठवल्याशिवाय पुढे डेकवर जायचं नाही, कितीही किरकोळ काम असू दे. या एका नियमावर आमचं वर्षातलं सगळ्यात मोठं भांडण झालं, कारण तो मला झोपू द्यावं म्हणून एकटाच पुढे गेला होता, प्रेमानं. असलं प्रेम घरी दाखवा. बोट लागू नये म्हणून ॲव्होमिनची गोळी घेतलीत तर झोप येते, स्वतःच्या पाळीआधी नको. खाण्याचं फार डोकं लावू नका, कुकर सर्वात उत्तम कारण झाकण उडत नाही, मऊ भात-मेतकूट-तूप दोन दिवस, आणि पहाटे तीनला लाडू.

रायगडच्या पाण्यात शिरलात की जाळी. बोंबलाची डोल जाळी खुंटांना बांधून प्रवाहात उभी असतात आणि वर खूण म्हणजे एखादा बोया, नाहीतर थर्माकोलचा तुकडा. मुरूडच्या बाहेर पहाटे पंख्यात आमच्या जाळं गेलंच. इंजिन लगेच बंद केलं, नवरा दोर बांधून सुरी घेऊन पाण्यात, मी वर शीड आवरत, पाऊण तास. मग एक होडी आली, तिचे तांडेलकाका (होडीचे प्रमुख) जाळं बघून आधी चिडले, मग आमच्याकडे बघून म्हणाले, दोघंच? आणि दोन पापलेट देऊन गेले. नुकसानीचे पैसे आपणहून द्या, ते त्यांचं पोट आहे. जाळी दिसत नाहीत म्हणून श्रीवर्धनच्या वर रात्री चालवूच नका, कितीही घर जवळ आलेलं असू दे.

मुंबईत शिरायचं दिवसा आणि चढत्या भरतीवर. खांदेरीचं बेट उजव्या हाताला ठेवा, बाहेरून या, आतून कापायला जाऊ नका. कुलाब्याचा प्राँग्ज दीपस्तंभ डाव्या हाताला, तोही लांबून, त्याच्या आणि जमिनीच्या मधे खडक आहेत. न्हावा-शेवाची मोठी जहाजं तुमच्यासाठी थांबू शकत नाहीत, चॅनेलच्या कडेनं चला. उधाणाला इथे पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, ओहोटी अंगावर असेल तर गेटवे समोर दिसतो आणि तासभर तिथेच दिसत राहतो. भरतीचं कोष्टक जवळ ठेवाच, पण कोळ्यांचा हिशोब पण शिकून घ्या, तिथीला पाऊणनं गुणायचं: अष्टमीला सहा, पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, त्या सुमाराला भरती.

बोट थेट बेलापूरला आणायचा मोह आम्हालाही झाला होता. ओहोटीला खाडीत चिखल उघडा पडतो आणि खाली कील असलेली बोट त्यात आडवी होते, तेव्हा गप्प गेटवेसमोर मूरिंगला (पाण्यातल्या कायमच्या बोयाला) लावा आणि अटल सेतूवरून टॅक्सीनं घरी या. आम्ही आलो ४ मेला, लग्न झालेलं होतं. मावशीनं डब्यात मोतीचूर ठेवले होते.

घरी पहिले दोन दिवस जमीन हलते, अंघोळीला भिंत धरून उभे राहा. सगळे कपडे, दोर, उशा गोड्या पाण्यात दोनदा भिजवून मगच धुवा, मीठ राहिलं तर जुलैमध्ये कपाट ओलं होतं. आणि जाड दोर वॉशिंग मशीनमध्ये टाकायचे असतील तर उशीच्या खोळीत बांधून टाका, आम्ही तसेच टाकले, खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या.