तापीकाठावरून सागरी रहस्यकथा लिहिताना

खानदेशात समुद्र नाही म्हणून सागरी रहस्यकथा आपल्याला लिहिता येणार नाही, असे मानू नये. सतराव्या शतकात बऱ्हाणपूर व धरणगावचे कापड सुरतेला जाऊन तेथून येमेनमधील मोखा बंदराला जाणाऱ्या जहाजांत चढत असे. तेव्हा कथेची सुरुवात धरणगावच्या पेठेत बांधलेल्या गाठोड्यापासून करावी, आणि भर समुद्रात ते सोडल्यावर आतून ओली काळी माती निघावी.

काळ पक्का ठरवावा. 1695 साली औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ हे जहाज मोख्याहून सुरतेला परतताना चाच्यांनी लुटले. त्यानंतरच्या हंगामातली खलाशांची धास्ती कथेला फार उपयोगी पडते. भर पावसाळ्यात मात्र सुरतेहून जहाज सोडू नये.

वादळात डोलकाठीच्या टोकावर दिसणारा निळसर उजेड हवेतील विद्युतभारामुळे पडतो. तो तांडेलाला, म्हणजे खलाशांच्या म्होरक्याला, पिराची कृपा वाटावी, खानदेशी गुमास्त्याला साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात देवता, वाटाव्यात, आणि नदीच्या आसरा खाऱ्या पाण्यात कशा आल्या, या प्रश्नाने त्याची झोप उडावी. त्या उजेडाचा निवाडा लेखकाने घाईने करू नये. खून मात्र माणसानेच केलेला असावा आणि त्याचा पुरावा, म्हणजे हिशेबाच्या वहीतला खोडलेला एक आकडा, वाचकाला पहिल्याच प्रकरणात दिसलेला असावा, असे माझे ठाम मत आहे.