आर्सेनिकची जुनाट विषबाधा: तपासणी तळहातापासून हापशापर्यंत

आर्सेनिक हे विषारी मूलद्रव्य मिसळलेल्या पाण्याला त्याचा रंग नाही, वास नाही, चव नाही. त्यामुळे शंका येते ती अंगावर खुणा उमटल्यावर, आणि त्या उमटायला बहुधा पाच-दहा वर्षं जातात. पश्चिम बंगालमधले पहिले रुग्ण कोलकात्यात १९८३ मध्ये ओळखले गेले; ते कूपनलिकांचं पाणी पीत होते. विदर्भाला लागून छत्तीसगडात अंबागड चौकीचा पट्टा आहे. तिथे आर्सेनिक खडकातून येतं.

आधी त्वचा पाहा, तीही दिवसाच्या उजेडात आणि सदरा काढून. छाती-पाठीवर पावसाचे थेंब उडाल्यासारखे काळे ठिपके आणि अधूनमधून पांढुरके ठिपके दिसतात. मग तळहातावरून अंगठा फिरवा. सुरुवातीच्या पुळ्या दोन मिलिमीटरपेक्षा लहान असतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण बोटाला बारीक खडी लागते. दोन ते पाच मिलिमीटरचे उंचवटे म्हणजे मध्यम अवस्था, त्याहून मोठे आणि एकमेकांत मिसळलेले म्हणजे तीव्र. कामाचे घट्टे कुदळ-विळा घासतो तिथेच पडतात. आर्सेनिकची खडी दोन्ही तळहातांवर आणि दोन्ही तळपायांवर येते, जिथे काही घासत नाही तिथेही.

हे डाग कुष्ठरोगाचे समजून माणसाला वाळीत टाकलं जातं, म्हणून इथे घाई करू नका. फिकट चट्ट्याला कापसाचं टोक लावून पाहा. कुष्ठरोगाच्या चट्ट्यात बहुधा संवेदना हरवलेली असते, आर्सेनिकच्या ठिपक्यात ती शाबूत असते. मात्र आर्सेनिक नसांनाही इजा करतं. दोन्ही पावलांना मुंग्या येतात, आग होते. गोंधळ वाटला तर त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवा. आर्सेनिकचे डाग संसर्गजन्य नाहीत, हे घरच्यांना स्पष्ट सांगा.

विडी न ओढणाऱ्याचाही जुना खोकला, वाढलेलं यकृत, रक्तदाब आणि साखर यांची नोंद ठेवा. फुप्फुस, मूत्राशय आणि त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. पाणी बदलल्यानंतरही तो बरीच वर्षं राहतो. न भरणारी जखम किंवा रक्त येणारा उंचवटा दिसला तर बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) लांबवू नका.

लघवीच्या तपासणीत गेल्या काही दिवसांतलं आर्सेनिक कळतं. त्याआधी चार-पाच दिवस बांगडा, कोळंबी असं समुद्रातलं काही खाऊ नये. त्यातल्या निरुपद्रवी सेंद्रिय आर्सेनिकनेही आकडा फुगतो. रक्ततपासणीचा जुनाट बाधेत फारसा उपयोग नाही. केस-नखांतून काही महिन्यांचा हिशोब लागतो, पण त्याच पाण्याने अंघोळ होत असेल तर केसांवर बाहेरून बसलेलं आर्सेनिकही त्यात मोजलं जातं.

आता पाणी. हापसा पाच-दहा मिनिटं चालवा, स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, मग भरा. प्रयोगशाळेकडून नायट्रिक आम्लाचे थेंब घातलेली बाटली मिळत असेल तर ती मात्र विसळू नका, थेट भरा. हे आम्ल फार महत्त्वाचं आहे. ते नसेल तर पाण्यातलं लोह गंजासारखं तळाशी बसतं, आर्सेनिकला सोबत ओढून नेतं आणि वरचं पाणी तपासलं की आकडा खोटा कमी येतो. बाटलीवर हापशाची जागा आणि खोली लिहा. भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. शेजारच्या हापशाचा आकडा आपल्या हापशाला लावू नका. काही मीटरवर फरक पडतो.

पाणी उकळून उपयोग नाही: वाफ जाते, आर्सेनिक राहतं आणि अधिक दाट होतं. क्लोरीनने जंतू मरतात, आर्सेनिक जात नाही. आरओचं पाणी गाळणारं यंत्र चालतं, पण क्लोरीनने आधी ऑक्सिडीकरण न केलेल्या (म्हणजे आर्सेनिकचं रूप न बदललेल्या) भूजलातला आर्सेनिकचा एक प्रकार त्यातून बराच निसटतो; म्हणून यंत्र बसवल्यावर बाहेर येणारं पाणी तपासून घ्या. पिण्याबरोबर स्वयंपाकाचं पाणीही बदला, कारण भात शिजताना पाण्यातलं आर्सेनिक शोषून घेतो. चांगल्या पाण्यात, तांदळाच्या सहापट पाणी घेऊन भात शिजवला आणि पेज ओतून दिली तर तांदळातलं आर्सेनिकही कमी होतं. ती पेज पिऊ नये.

विष उतरवणारं खात्रीचं औषध नाही. खरा उपचार म्हणजे ते पाणी थांबवणं. तळहाताच्या खडीवर सॅलिसिलिक आम्ल किंवा युरियाचं मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने लावावं. त्याने कातडी मऊ होते. डाळ, अंडी, पालेभाज्या जेवणात वाढवा, कारण कुपोषित शरीराला आर्सेनिक बाहेर टाकणं जड जातं. तंबाखू सोडायला लावा. त्वचेची तपासणी दर सहा महिन्यांनी करत राहा.