पोराला कॅन्सर निघालाय, पैशाच्या मदतीचे अर्ज कुठून सुरू करायचे?

परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपास पेशंटच्या नातेवाइकांचे अर्ज भरून द्यायचं काम मी करते, आणि रोज तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदा नीट लिहून टाकते.

सगळ्यात आधी खटक्याची प्लॅस्टिकची फाइल घ्या. त्यात आईवडिलांचं आणि मुलाचं आधार, रेशनकार्ड, मुलाचा जन्मदाखला, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, बायोप्सीचा रिपोर्ट, केसपेपर, बँक पासबुक आणि प्रत्येकाच्या चार-पाच झेरॉक्स. मग आधार आणि केसपेपरवरची स्पेलिंग जुळतात का बघा, कारण एकीकडे ओंकार आणि दुसरीकडे ओमकार असं सर्रास असतं आणि तेवढ्यावरून अर्ज अडतो. दाखला गावाकडून यायला वेळ लागतो, तेव्हा घरी मागे राहिलेल्या माणसाला आजच तहसीलला पाठवा.

नंतर आरोग्यमित्र गाठा, म्हणजे हॉस्पिटलात सरकारी योजनेचं काम बघणारा माणूस. महात्मा फुले जनआरोग्य योजना आता पिवळं, केशरी, पांढरं कुठलंही रेशनकार्ड असलं तरी चालते, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे मोफत उपचार. रेशनकार्डावर लेकराचं नावच चढवलेलं नसतं हे फार दिसतं, तर घाबरून परत जाऊ नका, जन्मदाखला घेऊन आरोग्यमित्राशी बोला. खाजगी पण धर्मादाय, म्हणजे ट्रस्टच्या हॉस्पिटलात असाल तर १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्याच लागतात, कुटुंबाच्या वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. काउंटरवर कोणी आपणहून सांगेलच असं नाही, तुम्ही विचारा.

योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी डॉक्टरांकडून एस्टिमेट, म्हणजे अंदाजे खर्चाचा कागद घ्या, सहीशिक्क्याचा. एकदा शिक्का राहिला म्हणून एका ट्रस्टने आमचा अर्ज तीन आठवड्यांनी परत पाठवला होता आणि ते तीन आठवडे मला अजून आठवतात. या एस्टिमेटवरच मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी, सिद्धिविनायक न्यास, टाटा ट्रस्ट असे अर्ज जातात. मदत बहुतेक वेळा थेट हॉस्पिटलच्या खात्यात जाते आणि आधी भरलेलं बिल सहसा परत मिळत नाही, म्हणून उधारी काढायच्या आधी अर्ज टाका. टाटात मुलांसाठी इम्पॅक्ट फाउंडेशन आहे, तिथल्या सोशल वर्करना पहिल्याच आठवड्यात भेटा आणि घरची परिस्थिती खरी सांगा, कर्ज असेल तर कर्जही सांगा, त्यात लाज कसली.

आता मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरमधला जो जास्त दिसतो, ए.एल.एल., त्याची ट्रीटमेंट दोन-अडीच वर्षं चालते. महिना-दीड महिन्यात पोरगं टवटवीत दिसायला लागतं, इकडे खोलीभाडं, डबा, बापाचा बुडालेला रोज हे सगळं अंगावर आलेलं असतं, आणि मग घरचे म्हणतात बरं झालंय आता, चला गावाला, आणि केमो तिथेच तुटते. औषधाला पैसे मिळूनही पोर हातचं जातं ते असं. म्हणून औषधाइतकीच राहण्याखाण्याची मदत मागा. सेंट ज्यूड इंडियाच्या केंद्रांत आईवडील आणि मूल फुकट राहू शकतात, हॉस्पिटलची चिठ्ठी लागते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. कडल्स फाउंडेशनच्या आहारतज्ज्ञ बऱ्याच हॉस्पिटलांत असतात, केमोत तोंड आलेल्या मुलाला काय भरवायचं तेही सांगतात. रेल्वेचा सवलतीचा फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्या, स्लीपर आणि थ्री टायर एसीत पेशंटला तिकीट माफ असतं, सोबतच्यालाही ७५ टक्के सूट.

आणि जे देणगी द्यायला बघतायत, मंडळं, ऑफिसचे ग्रुप, त्यांना हात जोडून सांगते की फक्त महागड्या इंजेक्शनला पैसे देऊ नका, एका कुटुंबाचं सहा महिन्यांचं भाडं द्या, प्रवास द्या. मुलाचा टक्कल पडलेला फोटो मात्र मागू नका.

मदत मिळवून देतो म्हणून कोणी कमिशन मागितलं तर एक रुपयाही देऊ नका, यातला कुठलाच अर्ज विकत मिळत नाही.

ट्रीटमेंट संपली तरी फाइल माळ्यावर टाकू नका, फॉलोअपला वर्षानुवर्षं यायचंय आणि तपासणीला येतानाही रेल्वेची सवलत चालते.