मद्यपी पालकाच्या घरात वाढलेल्यांनी मोठेपणी स्वतःला कसे सावरावे

माझे बालपण नागपुरात, नंदनवनमध्ये गेले. रात्री वडिलांची स्कूटर फाटकाशी थांबली, की ती स्टँडवर लावायला त्यांना किती वेळ लागतो यावरून आई आणि आम्ही भावंडे पुढच्या दोन तासांचा अंदाज बांधत असू. स्कूटर एका झटक्यात उभी राहिली तर जेवण शांतपणे होई. दोन-तीनदा घसरली तर आई आम्हाला घाईने जेवू घालून अंथरुणात धाडी. आज मी पन्नाशीला आले आहे, वडिलांना जाऊनही बरीच वर्षे झाली, नवरा दारूला शिवत नाही. तरीही त्याला यायला उशीर झाला, की माझे कान फाटकाकडेच लागलेले असतात.

हा सावधपणा स्वतःत ओळखणे, हे पहिले काम. त्यासाठी पंधरा दिवस एक लहान वही जवळ ठेवावी आणि छातीत धडधडले, पोटात गोळा आला किंवा विनाकारण कोणाची माफी मागितली गेली, तर त्याआधी नेमके काय घडले एवढेच त्यात लिहावे. बहुतेकांना त्या नोंदींत तेच ते प्रसंग पुन्हा पुन्हा दिसतात: वरिष्ठांचा चढलेला आवाज, जोडीदाराचे गप्प बसणे, कोणीतरी जोरात आपटलेले दार. नाही म्हणता न येणे, प्रत्येकाची मर्जी सांभाळणे, कामात तसूभरही चूक राहू नये म्हणून जिवाचे रान करणे आणि सगळे सुरळीत चालले असतानाच अस्वस्थ होणे, या सवयींचे मूळही बहुधा त्या बालपणातच असते. त्या काळी या सवयींनीच आपल्याला वाचवले, म्हणून त्यांचा राग करू नये. आता त्यांची गरज उरली आहे का, एवढेच तपासावे. या बालपणाचा परिणाम केवळ मनापुरता राहतो असेही नाही. अमेरिकेत सॅन डिएगो येथे झालेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात घरातील व्यसन, मारहाण अशा बालपणीच्या आघातांचा मोठेपणीच्या हृदयविकाराशी, नैराश्याशी आणि व्यसनांशी संबंध आढळला. आघातांचे प्रकार जितके जास्त, तितकी जोखीमही जास्त.

दुसरे काम मला सर्वांत अवघड गेले, ते म्हणजे बोलणे. घरची गोष्ट उंबऱ्याबाहेर जाता कामा नये, हा अशा घरांतला न सांगता पाळला जाणारा नियम असतो, आणि पालक गेल्यावरही तो जात नाही. म्हणून संपूर्ण कहाणी सांगायला बसू नये. विश्वासाच्या एकाच माणसाला एकच प्रसंग सांगावा. भावंडांशी बोलताना मात्र एक लक्षात असू द्यावे, की एकाच घरातली दोन मुले दोन वेगळे वडील आठवत असतात. माझ्या धाकट्या भावाला तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवून देणारे वडील आठवतात, मला त्याच दिवशी संध्याकाळी अंगणात पडलेले. आमच्यापैकी खोटे कोणीच बोलत नाही, हे कळायला आम्हाला फार वर्षे लागली.

पालक हयात असतील आणि पीतच असतील, तर मर्यादा घालून घ्याव्या लागतात. प्यायलेल्या माणसाशी कोणताही निर्णय बोलू नये. जे सांगायचे ते सकाळी, थोडक्यात आणि एकदाच सांगावे. हातात रोख पैसे देण्याऐवजी किराणा, औषधे, विजेचे बिल परस्पर भरावे. त्यांच्या नोकरीच्या ठिकाणी खोटी कारणे कळवू नयेत. सणावाराला हमखास तमाशा होत असेल, तर किती वेळ थांबायचे आणि कशाने परतायचे, हे आधीच ठरवून जावे. अंगावर हात उगारला गेला, तर वाद न घालता बाहेर पडून ११२ वर फोन करावा. आणखी एक गोष्ट मी ठासून सांगेन: अनेक वर्षे रोज पिणाऱ्याची दारू रागाच्या भरात घरच्या घरी एकदम बंद करू नये, कारण त्यातून फिट्स येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो आणि प्रसंगी जीवही जाऊ शकतो, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवे.

मदत नागपुरातच मिळते. मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे, शहरात शासनाचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि या दुसऱ्या नावाला बिचकून कित्येक जण वर्षानुवर्षे घरीच कुढत बसतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. तिथवर जाणे जमत नसेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी १९५१ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल-अॅनॉनच्या सभा भारतातही होतात. हे व्यसन मी लावले नाही, ते माझ्या ताब्यात नाही आणि ते मी बरे करू शकत नाही, असे तिथे शिकवतात. आपण चांगले गुण मिळवले असते तर वडिलांनी सोडली असती, असे मनाशी धरून वाढलेल्या मुलीला हे तीन वाक्यांश पचवायला वेळ लागतो. क्षमा करण्याची घाई मात्र कोणाच्याही सांगण्यावरून करू नये, आणि पालकाच्या मृत्यूनंतर दुःखाबरोबर सुटल्यासारखे वाटले, तर त्याची लाज बाळगू नये.

राहिला प्रश्न आपल्या मुलांचा. दारूच्या व्यसनाच्या धोक्यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा मानला जातो, त्यामुळे ते अटळ नसले, तरी आपण स्वतः किती आणि कशासाठी पितो, याकडे डोळसपणे पाहायला हवे. मुले दहा-बारा वर्षांची झाली, की त्यांना साध्या शब्दांत सांगावे, की आजोबांना दारूचा आजार होता, तो आपल्या घराण्यात येऊ शकतो, आणि याविषयी कधीही, काहीही विचारले तरी चालेल.