गेलेदे मुखवटा कसा पाहावा

संग्रहालयात योरुबा लोकांच्या गेलेदे या नाचातला मुखवटा बहुधा काचेमागे, डोळ्यांच्या उंचीवर उभा मांडलेला असतो, आणि त्यामुळे तो चेहऱ्यावर बांधायचा असावा असा पाहणाऱ्याचा समज होतो. हा समज आधी दूर करावा. नैर्ऋत्य नायजेरियात आणि शेजारच्या बेनिनमध्ये तो टोपीसारखा डोक्यावर बसवतात. नर्तकाचा चेहरा खाली पातळ कापडाने झाकलेला असतो व त्या कापडातूनच त्याला समोरचे दिसते. म्हणून थोडे वाकून मुखवट्याची खालची कड पाहावी. कापड अडकवण्यासाठी पाडलेली छिद्रे तिथे अनेकदा दिसतात.

मग खालचा चेहरा आणि त्याच्या माथ्यावरचे कोरीवकाम वेगवेगळे पाहावे. चेहरा बहुतेक वेळा स्त्रीचा आणि शांत असतो, गालांवर कुळाच्या खुणा असतात. माथ्यावर मात्र साप, पक्षी, बाजारात माल विकणारी बाई, क्वचित शिवणयंत्र किंवा मोटारसायकलही सापडते. वर कितीही गडबड चालली तरी खालचा चेहरा विचलित होत नाही, आणि माझ्या मते या कलेचे सारे मर्म तिथेच आहे, कारण योरुबा विचारात संयम हा शीलाचा भाग आहे आणि ‘इवा लेवा’, म्हणजे शील हेच सौंदर्य, असे तिथे म्हणतात.

पक्षी दिसला तर जास्त वेळ थांबावे. वयोवृद्ध स्त्रियांकडे जीवन देण्याची आणि हिरावून घेण्याचीही गूढ शक्ती असते अशी श्रद्धा आहे, आणि रात्री उडणारा पक्षी हे त्या शक्तीचे रूप मानतात. या ‘आमच्या आयां’ना दुखवायचे नसते, प्रसन्न करायचे असते, गेलेदेचा नाच त्यासाठीच, पिके हाती आल्यावर, तसेच दुष्काळ किंवा साथ आली असताना होतो. नाचणारे पुरुष असले तरी ते अनेकदा स्त्रीवेषात, छाती आणि नितंब फुगवून नाचतात.

कापडांच्या थरांत पूर्वजांना आणणारा एगुनगुन आणि एकिती भागातला जड, शिरस्त्राणासारखा एपा या योरुबांच्याच मुखवट्यांच्या निराळ्या परंपरा आहेत. त्यांचे अर्थ गेलेदेला लावू नयेत.

गेलेदेचे मुखवटे पुष्कळदा जोडीने नाचतात, तेव्हा फलकावर जोडीदाराचा उल्लेख आहे का ते पाहावे. शेवटी नाचाचे चित्रीकरण मिळवून नजर नर्तकाच्या पायांवर ठेवावी: घोट्यांतल्या लोखंडी वाळ्यांचा खणखणाट ढोलाच्या प्रत्येक बोलाला कसा उत्तर देतो, हे काचेमागच्या लाकडातून कळत नाही.