सर्व्हर घ्यायच्या आधी मल्टिमीटर काढा

गेल्या दिवाळीत आमच्या मजल्यावरचा एक मुलगा फराळाचं ताट घेऊन आला आणि बसलाच. "काका, सगळ्या रेकॉर्ड्स विकून एक चांगला म्युझिक सर्व्हर घेऊ का? साडेतीन लाखांपर्यंत जाईन." म्युझिक सर्व्हर म्हणजे गाण्यांच्या फायली साठवून वाजवणारी पेटी. त्याच आठवड्यात मेव्हण्याचा फोन. त्याला उलटं करायचं होतं. मोबाइलवरची गाणी बंद, आता रेकॉर्ड प्लेअर, कारण "अ‍ॅनालॉगमध्ये जीव असतो." मी दोघांना एकच विचारलं, घरात मल्टिमीटर (विजेचा दाब वगैरे मोजायचा मीटर) आहे का?

मी टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं केबलमधले फॉल्ट शोधले. फॉल्ट कुठे आहे हे ग्राहक नेहमी ठामपणे सांगतो, आणि तो बहुतेक वेळा दुसरीकडेच सापडतो. गाण्याच्या सामानाचंही तसंच आहे. दुकानात दोन यंत्रं शेजारी ठेवून वाजवली की फरक ऐकू येतोच, पण तो यंत्रांचा असेलच असं नाही. एक यंत्र अर्धा-एक डेसिबल मोठं वाजत असेल तर कानाला ते मोठं वाटत नाही, ते 'खुललेलं' वाटतं. म्हणून पैसे काढायच्या आधी घरी ही चाचणी करा: एक रेकॉर्ड आणि तिचीच केलेली फाइल, दोन्ही नेमक्या सारख्या आवाजात, न बघता ऐका. एक रविवार जातो.

आधी रेकॉर्ड प्लेअर धड लावा, नाहीतर तुलना सुरू व्हायच्या आधीच तो हरलेला असतो. लालबागच्या आमच्या जुन्या चाळीत लाकडी तक्तपोशी होती. गॅलरीतून पोरं धावली की पिन उडायची, आणि गणपतीत तर प्लेअर लावायचं नावच नको. मग मी भिंतीत दोन लोखंडी कोन ठोकून त्यावर कडप्प्याची फळी टाकली. ओट्यातून उरलेला तुकडा होता, फुकट. आता टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर आहे, तरी ती फळी तशीच आणली, कारण शेजारच्या प्लॉटवर पायलिंग चालू आहे. फळीवर गवंड्याची लेव्हल ठेवून प्लेअर समपातळीत आणा.

पिनचा दाब अंदाजाने लावू नका. छोटा डिजिटल वजनकाटा लॅमिंग्टन रोडवर मिळतो. ऑर्टोफोन २एम रेड या पिनला १.८ ग्रॅम, ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ईला २ ग्रॅम, असे आकडे कंपनीनेच दिलेले असतात. 'रेकॉर्ड झिजेल' म्हणून दाब कमी ठेवणारे पुष्कळ भेटतात. हलकी पिन खाचेत नीट बसत नाही, भिंतींवर आपटते, आणि रेकॉर्ड त्यानेच जास्त खराब होते.

मग वेग. टेस्ट रेकॉर्ड नावाची चीज मिळते, तिच्यावर १ किलोहर्ट्झचा सलग सूर असतो. तो लावून फोनवरच्या ट्यूनर अ‍ॅपमध्ये पाहा. हजाराच्या जागी १०३० दिसलं तर प्लेअर तीन टक्के पळतोय, म्हणजे सूर अर्ध्या पट्टीने वर गेला. काळी एकमधला गवई काळी एक आणि पांढरी दोनच्या मधे कुठेतरी लटकतो. मग आपण म्हणतो, रेकॉर्डवर आवाज कसा तरुण वाटतो! बहुतेक वेळा बेल्ट बदलला किंवा वेगाचा स्क्रू फिरवला की काम होतं.

आता प्लेअर आणि स्पीकर यांच्या वाटेतल्या फोनो स्टेज नावाच्या सर्किटचं थोडक्यात. पिनमधून येणारा विजेचा दाब जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट असतो, शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज दाबून तार सप्तक वाढवलेलं असतं. १९५४ पासून याला आरआयएए कर्व्ह म्हणतात. फोनो स्टेज आवाज वाढवते आणि हा तोल परत सरळ करते. इतक्या बारीक सिग्नलवर घरातली वायरिंग लगेच बोलते. 'हूं' असा घुमारा येत असेल तर आधी प्लेअरची अर्थिंगची बारीक वायर फोनो स्टेजच्या स्क्रूला नीट कसली आहे का बघा, मग प्लेअर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच सॉकेटमधून घ्या. दहातले सात घुमारे इथेच मरतात. (हा आकडा माझ्या नोकरीतला आहे, कुठल्या अभ्यासातला नाही.)

आता डिजिटल बाजू. ती चाचणीपुरती स्वस्तात उभी करा. रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा कॉम्प्युटर, त्यावर व्हॉल्युमिओ किंवा लिरियन म्युझिक सर्व्हर हे सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट मिळतात. यूएसबीला एक बरा डॅक (फाइलमधल्या आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारा डबा), आणि राउटरपासून लॅन केबल. वायफायने चालतं, पण आमच्या इमारतीत प्रत्येक घरात दोन राउटर आहेत, त्या गर्दीत गाणं मधेच अडखळतं. सर्व्हरमधला आवाजाचा कंट्रोल पूर्ण वर ठेवा, कमी-जास्त करायचं ते अ‍ॅम्प्लिफायरवर.

मग लाखांचे सर्व्हर काय देतात? ऑरेंडर, इनुओस यांच्या पेट्या मी पाहिल्यात. पंखा नसतो, वीजपुरवठा शांत असतो, आत डिस्क असते, अ‍ॅप सुरेख असतं, आणि बिघडलं तर धरायला कोणीतरी असतं. या सगळ्याला किंमत आहेच. पण आजचे यूएसबी डॅक बहुतेक असिंक्रोनस असतात, म्हणजे घड्याळ डॅकचं चालतं आणि सर्व्हर फक्त मागेल तसा डेटा पाठवतो. पेटी बदलल्याने फाइलमधले आकडे बदलत नाहीत. सर्व्हरमधून डॅककडे जाऊ शकतो तो तारेतून येणारा विजेचा कचरा. तसा संशय असेल तर सर्व्हर आणि डॅक ऑप्टिकल केबलने जोडा. काचेतून किंवा प्लॅस्टिकमधून प्रकाश जातो, अर्थिंग जात नाही. घुमारा तिथल्या तिथे तुटला तर तुमचे तीन लाख वाचले.

आता मुख्य काम. एक रेकॉर्ड घ्या, जी तुम्हाला तोंडपाठ आहे. मी किशोरीताईंचा भूप घेतला. अ‍ॅम्प्लिफायरच्या टेप आउटमधून ऑडिओ इंटरफेसच्या (आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या डब्याच्या) लाइन इनपुटमध्ये केबल टाका (माझ्याकडे फोकसराइट स्कार्लेटचा जुना डबा आहे) आणि कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी या प्रोग्रॅममध्ये २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला रेकॉर्डिंग करा. सगळ्यात जोरकस जागा उणे सहा डेसिबलच्या आसपास राहू द्या. आधी टेस्ट रेकॉर्डचा १ किलोहर्ट्झचा सूर, लगेच मागून गाणं, मधे इंटरफेसच्या गेनच्या (सिग्नल कमी-जास्त करायच्या) बटणाला हात लावायचा नाही. यावरच सगळं उभं आहे. रेकॉर्डिंग चालू असताना स्पीकर बंद ठेवा, हेडफोनवर ऐका.

दोन्ही फायली सर्व्हरवर टाका. आता टेस्ट रेकॉर्डचा सूर प्रत्यक्ष लावा, आवाज बेताचा ठेवा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर, आणि टोकं एका स्पीकरच्या टर्मिनलला लावा. दोन टोकं एकमेकांना चिकटू देऊ नका, अ‍ॅम्प्लिफायर जाईल. समजा १.०० व्होल्ट आलं. अ‍ॅम्प्लिफायरचं बटण न हलवता इनपुट बदला आणि सर्व्हरवरून त्याच सुराची फाइल लावा. १.१० आलं तर ती फाइल जवळजवळ ०.८ डेसिबल मोठी आहे. ऑडॅसिटीत सूर आणि गाणं दोन्ही तितकंच खाली आणा, परत मोजा. दोन आकड्यांत दोन टक्क्यांपेक्षा कमी फरक राहिला की बास, तो ०.२ डेसिबलच्या आत आहे. स्वस्त मीटर १ किलोहर्ट्झला चुकीचा आकडा दाखवतो असं कोणी म्हणेल. दाखवू दे, दोन्ही वेळा सारखाच चुकतो.

मग घरातल्या कोणालातरी पकडा. आमच्याकडे मुलगी बसली. तिने नाणं उडवायचं, छापा आला तर रेकॉर्ड, काटा आला तर फाइल, आणि वहीत लिहून ठेवायचं. मी पाठ करून बसलो. तीस-तीस सेकंदांचा तोच तुकडा, सोळा वेळा. सोळापैकी बारा किंवा जास्त बरोबर आले तर तुम्हाला खरंच फरक ऐकू येतोय असं माना, निव्वळ नशिबाने तितके येणं शंभरात जेमतेम चारदा घडतं.

पहिल्यांदा मला चौदा आले. मी खूश झालो. मुलगी म्हणाली, "बाबा, रेकॉर्ड लावली की पिनची किणकिण प्लेअरमधूनच ऐकू येते, मलाही कळतं." खरं होतं. म्हणून फाइल वाजत असतानाही पिन रेकॉर्डवर फिरतीच ठेवायची. दुसऱ्या खेपेला सोळात नऊ. वर तिचा शेरा, "डोळे मिटून मान डोलावलीत ना, की हमखास चुकता."

एक सूक्ष्म फरक मात्र उरतो, तो आवाज वाढवला की. स्पीकरची थरथर हवेतून आणि जमिनीतून पिनपर्यंत जाते आणि पुन्हा स्पीकरमधून बाहेर येते. रेकॉर्डिंग करताना आपण स्पीकर बंद ठेवले होते, त्यामुळे फाइलमध्ये ती नसते. म्हणून मोठ्या आवाजात खर्ज फाइलमध्ये आटोपशीर आणि रेकॉर्डवर थोडा फुगलेला लागू शकतो. काहींना तो फुगवटाच आवडतो. त्याला 'ऊब' म्हणतात.

माझ्यापुरता निकाल असा की त्या रेकॉर्डचं जे काही मला आवडतं, ते सगळं त्या फाइलमध्ये आलं. म्हणजे ते अ‍ॅनालॉग असण्यात नव्हतं. त्या मास्टरमध्ये (ज्या अंतिम प्रतीवरून रेकॉर्ड छापतात तिच्यात), त्या छपाईत आणि माझ्या पिनमध्ये होतं. अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटी या कंपनीच्या महागड्या रेकॉर्ड्स जाणकार मंडळी शुद्ध अ‍ॅनालॉग म्हणून घेत होती. त्यातल्या बऱ्याच डिजिटल टप्प्यातून गेल्याचं २०२२ मध्ये उघड झालं. तोवर त्यांच्या कानांना ते कळलं नव्हतं. आणि स्कॉटलंडच्या ज्या लिन कंपनीने एलपी१२ प्लेअरवर नाव कमावलं, तिनेच २००७ मध्ये क्लायमॅक्स डीएस हा नेटवर्कवरून गाणं वाजवणारा प्लेअर काढला.

स्ट्रीमिंगशी तुलना करायची तर पातळी अशीच जुळवा, पण निकालाला वेगळ्या नजरेने बघा. अ‍ॅपल म्युझिकवर २०२१ पासून लॉसलेस (आवाजातलं काहीही न गाळलेलं) आहे, मात्र ब्लूटूथवर ते लॉसलेस राहत नाही, तार लावा. स्पॉटिफायमध्ये आवाज सारखा करण्याची सेटिंग असते, अ‍ॅपलमध्ये तिला साउंड चेक म्हणतात. चाचणीपुरती बंद करा. तरीही फरक ऐकू आला तर तो बहुधा मास्टरचा. जुन्या मैफलींची खरखर काढताना कोणीतरी तानपुऱ्याची जवारीही पुसून टाकलेली असते. कुठे विलंबित संपून द्रुत सुरू होताना मधे अर्ध्या सेकंदाची पोकळी. तिथे सर्व्हर साडेतीन लाखांचा असो की साडेतीन कोटींचा, आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? नवं ऐकायला, शोधायला स्ट्रीमिंगसारखं काही नाही. जे जिवाभावाचं आहे त्याची चांगली छपाई शोधा आणि स्वतः फाइल करा.

शेजाऱ्याच्या पोराला मी हेच करायला लावलं. त्याने रेकॉर्ड्स ठेवल्या, सर्व्हर रास्पबेरी पायवरचाच ठेवला, आणि पैशातून स्पीकर बदलले. मेव्हण्याने माझं ऐकलं नाही. सुखी आहे.

फायलींचा हिशोब सांगतो. २४/९६ ला तासाला साधारण २ जीबी होतात, फ्लॅक (काहीही न गाळता फाइल लहान करणारा प्रकार) केलं की बरेच कमी. एक टीबीच्या डिस्कवर हजारेक एलपी मावतात. नावं घालताना 'आर्टिस्ट'मध्ये गायक, 'अल्बम'मध्ये रेकॉर्डचा क्रमांकही, आणि 'जॉनर'मध्ये नुसतं क्लासिकल न लिहिता राग लिहा. संध्याकाळी पूरिया शोधला की घरातले सगळे पूरिया समोर येतात. रेकॉर्ड्सच्या कपाटासमोर उभं राहून हे कधी जमलं नसतं.

७८ च्या जुन्या तबकड्यांची फाइल करणार असाल तर पिन वेगळी लागते, जवळजवळ ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). एलपीची पिन त्या रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते. आणि त्या स्पिरिटने पुसू नका. त्या लाखेच्या असतात, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. वडिलांची एक नाट्यगीताची तबकडी मी अशी पुसली आणि बोळा काळा झाला. आधी वाटलं केवढा मळ निघतोय.

पावसाळ्यात इथे कागदी आवरणाला बुरशी धरते. जून लागायच्या आधी आतली आवरणं प्लॅस्टिकची करा, रेकॉर्ड्स उभ्या ठेवा, कपाटात सिलिका जेल टाका, आणि माळ्यावर तर अजिबात ठेवू नका, तापून वाकतात. केबलच्या पिना खाऱ्या हवेने काळवंडतात, वर्षातून दोनदा काढून पुसा. रास्पबेरी पायला छोटा यूपीएस लावा. अचानक लाइट गेली की त्याचं मेमरी कार्ड खराब होतं, माझी दोन गेली.

सगळ्या फायलींची दुसरी डिस्क दुसऱ्या घरात हवी. माझी ठाण्याला बहिणीकडे असते. भाऊबीजेला जाताना ताजी डिस्क नेतो, जुनी परत आणतो आणि तिच्यावर वर्षभरातलं नवीन चढवतो.