विद्यापीठ निवडायचं तर आधी तिथली एक संध्याकाळ बघा

निकाल लागले की राजापुरातल्या माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, दाखल्यांचे अर्ज, हे सगळं मी गेली सतरा वर्षं करते. बाहेर पाऊस, आत ओल्या छत्र्यांचं पाणी आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलेल्या मार्कशीट. त्या गर्दीत दरवर्षी एक प्रश्न ठरलेला. "काकी, मुंबई टाकू, पुणे टाकू की कोल्हापूर? नाव कुठल्याचं मोठं?" फॉर्मची शेवटची तारीख उद्यावर आलेली असते आणि पोराच्या पुढच्या दोन-तीन वर्षांचा निर्णय माझ्या काउंटरवर पाच मिनिटांत व्हायचा असतो. तो तसा होऊ नये म्हणून हे लिहिते आहे. माझी मुलगी भौतिकशास्त्रात एमएस्सी करून आली. त्यामुळे काही गोष्टी मला दुकानात कळल्या, काही आई म्हणून.

आधी एक गैरसमज काढून टाकू. आपले रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. रायगड, ठाणे, पालघर आणि मुंबईचे दोन जिल्हे धरून एकूण सात. म्हणजे रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडीच्या मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात बीए, बीकॉम, बीएस्सी केलंत तरी पदवीवर नाव 1857 साली स्थापन झालेल्या त्याच विद्यापीठाचं येतं. केवळ त्या नावासाठी अठरा वर्षांच्या मुलीला डोंबिवलीत नातेवाइकांच्या हॉलमध्ये झोपायला पाठवू नका. मुंबईतलं एखादं कॉलेज त्याच्या स्वतःच्या गुणांसाठी निवडलं असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा जरूर पाठवा. विद्यापीठाचा कॅम्पस म्हणून जे काही असतं ते मुख्यतः एमए, एमएस्सीच्या मुलांना मिळतं, कारण विद्यापीठाचे स्वतःचे विभाग तिथे असतात. पुण्याच्या एखाद्या संलग्न कॉलेजातली एमएस्सी आणि गणेशखिंडीतल्या, म्हणजे पुणे विद्यापीठाच्या स्वतःच्या आवारातल्या, विभागातली एमएस्सी, दोन्हींवर विद्यापीठाचं नाव एकच असतं, पण दोन वर्षांचं जगणं अगदी निराळं.

बारावीनंतर लगेच कॅम्पसवर राहायचं असेल तर कोकणातच दोन जागा आहेत. एक दापोलीचं बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, 1972 सालचं. रत्ना आणि सिंधू हे आंबे तिथले, वेंगुर्ल्याच्या काजूच्या जातीही त्यांच्याच संशोधन केंद्रातल्या. रत्नागिरीजवळचं शिरगावचं मत्स्य महाविद्यालय त्यांचंच. घरात कलमांची बाग आहे आणि पोराला चिखलात पाय घालायची लाज नाही, तर दापोलीचा विचार पुण्याच्या आधी करा. दुसरी जागा लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, माणगावजवळ, 1989 सालचं, अभियांत्रिकीसाठी.

आता नावाचं बघू. गावात जे नाव असतं ते विद्यापीठाचं असतं. पीएचडीला घेणारा किंवा प्रयोगशाळेत नोकरी देणारा माणूस विचारतो तो विभाग. विद्यापीठांचं मूल्यमापन करणाऱ्या नॅकची श्रेणी बघून ठरवू म्हणाल, तर 2021मध्ये मुंबई आणि कोल्हापूरचं शिवाजी, दोन्ही विद्यापीठांना ए प्लस प्लसच मिळाली. मग काय ठरवणार? श्रेणी अख्ख्या विद्यापीठाची असते आणि ठरावीक वर्षांपुरती असते, म्हणून वेबसाइटवर झळकणाऱ्या अक्षरांबरोबर साल वाचा. केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी 2016पासून दरवर्षी येते, तीही बघा. पण एकूण यादीतला नंबर तुमच्या मुलाच्या विषयाबद्दल फारसं काही सांगत नाही.

विषयाप्रमाणे चित्र पार बदलतं. कोल्हापूरच्या भौतिकशास्त्र विभागाचं थिन फिल्म (पदार्थांचे अतिशय पातळ थर) आणि मटेरियल सायन्समधलं काम त्या विषयातल्या माणसांना पक्कं माहीत आहे. पुण्याची जमेची बाजू म्हणजे शेजार. आयुका ही खगोलशास्त्राची संस्था विद्यापीठाच्या आवारातच आहे, एनसीएल ही रसायनशास्त्राची राष्ट्रीय प्रयोगशाळा पाषाणला, म्हणजे प्रोजेक्टसाठी दार ठोठावायला जागा पुष्कळ. समुद्राशी संबंधित विषय असेल तर गोवा विद्यापीठ बघा. ते ताळगावच्या पठारावर आहे आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था तिथून जवळच दोनापावलाला. सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या मुलांना तर मुंबईपेक्षा गोवाच जवळ. फक्त राज्य बदललं की जागांचे आणि शिष्यवृत्तीचे नियम बदलतात, ते फॉर्म भरायच्या आधी वाचा. भरल्यावर नको.

विभागात फोन करून किंवा जाऊन एवढं विचाराच: कायम नेमणुकीचे प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती? सीएचबीवरचे, म्हणजे तासिका तत्त्वावरचे, शिक्षक जीव तोडून शिकवतात, मी अनेकांना ओळखते. पण वर्ष मध्येच असताना ते बदलले तर प्रोजेक्टला मार्गदर्शक कोण, हा मुलाचा प्रश्न असतो. मागच्या दोन बॅचची मुलं आता कुठे आहेत तेही विचारा. आणि निकाल कधी लागतो? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, 2016 म्हणतो की परीक्षा संपल्यापासून 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत निकाल लागला पाहिजे. प्रत्यक्षात किती दिवस लागले ते मागच्या वर्षीच्या मुलांना तोंडपाठ असतं. निकाल लांबला की पुढची मुलाखत जाते, आणि ते दुःख मी काउंटरच्या अलीकडून पुष्कळदा पाहिलं आहे.

यानंतरचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच कोणी करत नाही. जाऊन बघा. प्रवेशाच्या वेळी नाही, त्याच्या आदल्या वर्षी. मुलगी तिसऱ्या वर्षाला असताना, ऑगस्टात, आठवड्यातल्या साध्या वारी. स्नेहसंमेलनाला किंवा युवा महोत्सवाला कुठलाही कॅम्पस देखणाच दिसतो.

आम्ही दोघी अशाच कोल्हापूरला गेलो. सकाळची एसटी, अणुस्कुरा घाट धुक्यात, एका वळणावर दरडीची माती बाजूला करेपर्यंत गाडी थांबून राहिली. कॅम्पस मोठा, 853 एकरांचा, मुख्य इमारतीसमोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा. तो बघून माझे हात जोडले गेले, पण आमचं काम पुढे होतं. विभागात गेल्यावर मी आधी नोटीस बोर्ड वाचला. तिथे हाताने लिहिलेला एक कागद होता, दुसऱ्या दिवशी दुपारी 3 वाजता एमएस्सीच्याच एका मुलीचं सेमिनार, विषय आणि खोली नंबरासकट. खाली पेनाने कोणीतरी दोन प्रश्न लिहिले होते. माझ्या मुलीने ते वाचले आणि ती तिथेच रेंगाळली. याआधी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो, तिथे काचेच्या आत सगळ्यात नवी नोटीस फेब्रुवारीची होती आणि टाचणीच्या गंजाचा डाग कागदावर उतरला होता. महिना मात्र ऑगस्टच.

संध्याकाळी आम्ही ग्रंथालयाकडे गेलो. अभ्यासिकेतून मुलं डबे घेऊन बाहेर येत होती, पायऱ्यांवर बसून खात होती आणि परत आत जात होती. गडहिंग्लजची एक मुलगी माझ्या मुलीशी अर्धा तास बोलली. वसतिगृहाचं फाटक किती वाजता बंद होतं, गरम पाणी कधी येतं, मेसमध्ये भात दोनदा मिळतो का, आजारी पडलं तर रात्री कोण नेतं. असले प्रश्न मी विचारले असते तर तिने गोड बोलून वेळ मारून नेली असती. म्हणून आईवडिलांना माझं सांगणं आहे, तासभर चहाच्या टपरीवर बसा आणि पोरांना पोरांशी बोलू द्या.

जेवणाचं हसण्यावारी नेऊ नका. आपली मुलं भात, कुळथाची पिठी आणि माशाच्या कालवणावर वाढलेली असतात. घाटावर भाकरी, झणझणीत आमटी. बहुतेकांना महिन्याभरात सवय होते. पण पहिल्या पंधरा दिवसांत पोट बिघडून घरी परतलेला मुलगाही मी बघितला आहे, आणि त्याचं वर्ष गेलं. एक जेवण मेसमध्ये जेवून या.

पुण्यालाही आम्ही गेलो. 411 एकरांचा तो परिसर, वडांच्या पारंब्या, जयकर ग्रंथालय. खरं सांगायचं तर जीव तिथेच रमला. दर आठवड्याला कुठे ना कुठे चांगलं व्याख्यान असतं, मुलं कॅन्टीनमध्ये विषयावर वाद घालत बसतात. पण वसतिगृहाच्या जागा अर्जांच्या मानाने अपुऱ्या, आणि बाहेरच्या खोलीचं भाडं आमच्या आवाक्याच्या काठावर. मुलीने कोल्हापूर घेतलं. पुण्यातल्या व्याख्यानांची हुरहूर तिला दोन वर्षं होती, हे लपवत नाही. पण सेमिनारचा तो कागद ती विसरली नाही, आणि दुसऱ्या वर्षी त्याच बोर्डावर तिचं नाव लागलं.

कालिनाचं, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या कॅम्पसचं, वेगळं. मुंबई विद्यापीठात मुंबईच मुलाला शिकवते, नाटक, नोकरी, ओळखी, सगळं हाताशी. ज्याचं हक्काचं घर मुंबईत आहे त्याने डोळे झाकून विचार करावा. नसेल तर लोकलचे तास अभ्यासाच्या तासांतून वजा करा.

वसतिगृहाबद्दल तोंडी आश्वासनावर जाऊ नका. माझ्या पुतण्याला एका नामांकित ठिकाणी "प्रवेश झाला की खोली मिळेलच" असं खिडकीवर सांगितलं. फी भरल्यावर कळलं की वसतिगृहाचा अर्ज स्वतंत्र होता आणि त्याची मुदत संपलेली. तीन आठवडे तो ठाण्यापलीकडे दिव्याला मामेभावाकडे राहिला, पहाटे 5ला उठून गाडी पकडायची. शेवटी प्रवेश रद्द केला आणि फीतला काही भाग गेला. तेव्हा वसतिगृहाचा अर्ज कधी निघतो, बाहेरच्या जिल्ह्यातल्या मुलांना जागा किती आणि पहिल्या वर्षाला मिळते का, हे माहितीपुस्तिकेत छापलेलं असेल तेच खरं माना. पुण्यात आणि कोल्हापुरात कमवा आणि शिका योजना आहे, ठरावीक तास काम करून मुलांना पैसे मिळतात. तिची चौकशी लाज न बाळगता करा. रॅगिंगचा धाक वाटत असेल तर यूजीसीची हेल्पलाइन 1800-180-5522 मुलाच्या मोबाइलमध्ये टाकून द्या.

आणि गणपती. घाटावरच्या विद्यापीठांत आपल्यासारखी सुट्टी असेलच असं नाही, अंतर्गत परीक्षा नेमक्या त्याच आठवड्यात येऊ शकतात. पाच दिवसांच्या गणपतीला घरी न येणं कोकणातल्या पोराला किती लागतं ते त्यालाच ठाऊक. वेळापत्रक आधी बघा, घाट कुठला बंद पडतो ते बघा. राजापूरहून कोल्हापूर पावसात साडेतीन तासही होतं आणि सहा तासही.

कागदांचं थोडक्यात. मुंबई विद्यापीठातून दुसरीकडे जाताना स्थलांतर प्रमाणपत्र लागतं, त्याचा अर्ज निकाल लागल्याबरोबर करा. नॉन-क्रीमीलेअरची मुदत तपासा. मुलींना 2024पासून मिळालेली फीमाफी व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, ठरावीक प्रवर्गांना आणि 8 लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला. साध्या एमएस्सीला ती धरून हिशेब मांडू नका. पदव्युत्तरच्या बऱ्याच विभागांना प्रवेश परीक्षा असते, तिची तारीख पदवीच्या निकालाच्या आधीच येऊन जाते, म्हणून मार्चपासून वेबसाइट बघत राहा.

फॉर्म भरायला येताना बँकेचं खातं आधारशी जोडलेलं आहे ना हे बघून या, नाहीतर महाडीबीटीचे, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीचे, पैसे अडकतात. आणि मोबाइल नंबर मुलाचा स्वतःचाच द्या, माझ्या दुकानाचा नको. ओटीपी पुढची दोन वर्षं त्याच नंबरवर येत राहतात.